दुसऱ्याच कुठल्या तरी मामाचा आहेर

भाचीच्या वास्तुशांतीला मी पितळेचं जुनं पातेलं दिलं. आमच्या घरातलं नव्हे. पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवार-रविवार भरतो त्या जुन्या बाजारातलं. काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलंय : ‘चि. सौ. कां.’, पुढचं नाव घासून गेलेलं, मग ‘हिस मामाकडून, १९६२’. ते वाचलं आणि भाव करायचं भानच राहिलं नाही. मोडीच्या दरापेक्षा बरेच जास्त मोजले.

ताईला काही पटलं नाही. “कुणाच्या घरातलं, कुणी मोडीत काढलेलं, आणि ते शुभकार्यात?” हीच ताई एका हळदीकुंकवातलं ब्लाउजपीस पुढच्या हळदीकुंकवात सरकवते. आणि तिच्या या मुलीला जन्मल्यावर गुंडाळलं होतं ते आजीच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात, नवं कापड टोचतं म्हणून. जुन्याचं वावडं आपल्याला कधीच नव्हतं. ते ओळखीतलं हवं, एवढंच.

पितळ मोडीत गेलं तरी वाया जात नाही, वितळवून पुन्हा पितळच होतं, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी भट्टी पेटवावी लागते, आणि हाताने ठोकून आणलेला घाट गेला तो गेलाच. तसंच वापरायचं तर लागते चिंच आणि कल्हई.

कल्हईवाला शोधणं हेच खरं काम. सापडला, तेव्हा मी तिथेच बसून राहिलो. पातेलं तापलं, नवसागर पडला, भसकन पांढरा धूर, कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवलं की आतून लख्ख. हे केलं नाही तर आमटी-ताक पितळेत कळकणार. घेण्याआधी पाणी भरून गळतंय का बघावं. बुडाला ठिगळ असेल तर मोह सोडावा. (प्रेशर कुकर आणि हेल्मेट मात्र मी जुनं कुणालाही देत नाही.)

कुठून आणलं, केवढ्याला, कल्हई कुठे केली, सगळं चिठ्ठीवर लिहून पातेल्यातच ठेवलं. लपवून दिलं की त्याला उष्ट्याचा वास येतो.

भाची त्यात आता रोजचं वरण शिजवते. रोजच्या वापराने कल्हई उडणारच. पुढच्या वेळचे पैसेही आहेरातच धरलेत, असं तिने मला न विचारता ठरवून टाकलंय.