कागदावरचा भाव

मी राहतो मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात. वैशाखात सुट्टीला रावेरकडे घरी आलो, तर आदल्याच रात्रीच्या वादळात केळीचा अर्धा बाग आडवा झालेला. निसवलेले घड मातीत. खोडं कापून बांधाकडे ओढता ओढता आबांनी विचारलं, "तुमच्या ग्वाटेमालात बी असंच पडतं का रे?"

पडतं, म्हटलं. पण तिथं केळीवाल्या कंपनीपायी एकदा अख्खं सरकार पडलं होतं.

आबांनी कोयता खाली ठेवला. मग बांधावर बसून मी त्यांना जे सांगितलं, तेच आज परत ग्वाटेमाला सिटीत येऊन लिहितोय.

ग्वाटेमालाच्या १९५० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हाकोबो आर्बेन्स नावाचा माजी लष्करी अधिकारी मोठ्या मताधिक्यानं निवडून आला. देश गरीब, आणि जमीन मूठभर लोकांच्या हातात. सगळ्यात मोठी जमीनदार होती बोस्टनची युनायटेड फ्रूट कंपनी. रेल्वे तिच्या ताब्यात, पुएर्तो बारिओस बंदरही तिच्याच मुठीत. लोक तिला 'एल पुल्पो' म्हणत, म्हणजे अष्टपाद. आर्बेन्सनं १९५२ मध्ये डिक्री ९०० काढली, म्हणजे जमीन वाटपाचा कायदा. मोठ्या मालकांची पडीक जमीन घ्यायची, भूमिहीनांना द्यायची आणि मोबदला २५ वर्षांच्या रोख्यांत, ३ टक्के व्याजानं. त्याची स्वतःची जमीनही त्यात गेली.

आता खरी मेख. मोबदला ठरला तो मालकानं करासाठी स्वतःच लिहून दिलेल्या किमतीवर. त्या हिशेबानं कंपनीला पहिल्या मोठ्या टप्प्यातल्या जमिनीचे सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर मिळणार होते. तिच्या वतीनं अमेरिकी सरकारनं मागितले १ कोटी ५८ लाख!

आबा पोट धरून हसले. "म्हंजे टॅक्स चुकवाले एक भाव, अन् पैसे घ्याले दुसरा? लबाड!" खरेदीखतातला भाव आणि हातात पडणारा भाव यांतलं अंतर आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. हायवेच्या भूसंपादनात त्याच कागदांनी भल्याभल्यांना रडवलंय.

बाकीचं पटकन सांगतो. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस, गुप्तहेर संस्था सीआयएचा प्रमुख त्याचा सख्खा भाऊ ॲलन, आणि दोघं पूर्वी ज्या वकिली फर्ममध्ये होते तिची अशील हीच कंपनी. भावकीच म्हणा. पण नुसत्या केळीनं एवढं होत नाही, असं माझं मत. शीतयुद्ध ऐन भरात होतं, आर्बेन्सच्या जवळच्या सल्लागारांत कम्युनिस्ट होते, आणि वॉशिंग्टनला त्याची खरोखर धास्ती होती. आबांना हे काही पटलं नाही.

जून १९५४ मध्ये सीआयएनं उभा केलेला बंडखोर कास्तियो आर्मास शेजारच्या होन्डुरासमधून जेमतेम पाचशे माणसं घेऊन घुसला. त्याआधी दीड महिना सीआयएचाच एक रेडिओ बंडाच्या बातम्या ओरडत होता. आम्ही ग्वाटेमालाच्या जंगलातून बोलतोय, असं सांगायचा. टेपा भरल्या जात मायामीत. वर विमानं घिरट्या घालत होती. लष्करातले अधिकारी लढायला तयार होईनात, आणि २७ जूनला आर्बेन्सनं राजीनामा दिला. वाटलेली जमीन परत काढून घेतली गेली. पुढे १९६० ते १९९६ यादवी चालली. दोन लाख माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, बहुतेक माया आदिवासी.

आबा काही न बोलता घरात गेले आणि पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद घेऊन आले. कूळ कायद्यातला ३२म चा दाखला. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानं कुळांना मालक केलं, त्यात आजोबांची पावणेतीन एकर आली. शाई फिकी झालीय, पण शिक्का अजून ठसठशीत. मी मोबाइलवर फोटो काढून घेतला.

इथं माझी घरमालकीण रोज सकाळी मक्याची तोर्तिया हातावर थापते. तो थाप-थाप आवाज ऐकला की कळण्याची भाकरी आठवते. २०२३ मध्ये बेर्नार्दो आरेव्हालो अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर त्याला खुर्चीवर बसू द्यायचं नाही म्हणून इथल्याच सरकारी वकिलांनी खटल्यांचा सपाटा लावला, तेव्हा तीही रस्ता अडवायला बसली होती. गंमत म्हणजे या खेपेला वॉशिंग्टन मतपेटीच्या बाजूनं होतं. शपथविधी लांबत लांबत १५ जानेवारी २०२४ च्या मध्यरात्रीनंतर झाला. तिला अजून खात्री नाही. "टिकेल तेव्हा खरं," म्हणते.

तिच्या आजोबांना डिक्री ९०० मध्ये जमीन मिळाली होती. दोन पिकं घेतली, बस. परवा तिला दाखल्याचा फोटो दाखवला आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की ही आमच्या आजोबांची, कायद्यानं मिळालेली. तिनं पिठाचे हात पुसले, फोटो मोठा करून शिक्का पाहिला.

"आणि परत कधी घेतली?" तिनं विचारलं.