हातभर पट्टीला आठवडा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्हीच नाही, कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माझ्या गाळ्यात गाडीचं आतलं काम घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो, "बाहेरचं अख्खं दार चार दिवसांत रंगवून देता, मग आतल्या हातभर पट्टीला आठवडा कशाला?" प्रश्न रास्त आहे. घाईत "तसंच असतंय ते" म्हणून मी आजवर वेळ मारून नेत आलो, ते बरोबर नव्हतं. आज बैजवार सांगतो.

बाहेरच्या रंगाला ऊन, पाऊस, धूळ सोसावी लागते. पण त्याला माणसाचा हात किती वेळा लागतो? धुताना, पुसताना, दार लावताना. आतल्या रंगाला दिवसभर हातच लागतो. गिअरशेजारच्या पट्टीवर मनगट टेकतं, बोटातली अंगठी घासते, किल्ल्यांचा जुडगा पडतो, घाम लागतो. हाताला लावायचं सॅनिटायझर सांडतं आणि त्यातलं अल्कोहोल रंगाचा वरचा थर हळूहळू मऊ करतं. त्यात उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डचं तापमान ७० अंशांच्याही पुढं जातं. प्लॅस्टिक तापलं की पोलादाच्या सहा-सात पट फुगतं आणि रात्री परत आवळतं. त्याच्यावरचा रंग त्याच्याबरोबर ताणला गेला नाही, तर एक दिवस पोपडे निघणारच. बाहेरच्या पत्र्यावर वर्षानुवर्षं टिकणारा रंग आत सहा महिन्यांत उतरलेला मी पाहिलाय.

गेल्या हिवाळ्यात हुपरीचे एक चांदीवाले शेठ त्यांची पोर्शची दोन सीटची बॉक्सस्टर घेऊन आले. जुनी, २००७ ची, पण जपलेली. इंजिन सीटच्या मागं, छत कापडाचं, घडी होणारं. बाहेरून गाडी आरशासारखी. आत गिअरच्या डाव्या-उजव्या बाजूला मात्र चंदेरी पट्टीवर काळे चरे. बहुतेकांना वाटतं, ही पट्टी ॲल्युमिनियमची आहे. ते प्लॅस्टिक होतं आणि त्यावर चंदेरी रंग मारलेला होता. म्हणून तर चरा काळा दिसतो. रंग गेला की खालचं प्लॅस्टिक डोकावतं. शेठ म्हणाले, "अहो पेंटर, आम्ही चांदीत जन्म काढला. चंदेरीवरचा काळा डाग बघवत नाही वो मला." चरे कमानीसारखे वळलेले होते, सगळे एकाच दिशेनं. मी त्यांच्या हाताकडं बघितलं. डाव्या हाताच्या बोटात जाड अंगठी. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, गिअर डाव्या हाताला. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना ती अंगठी रोज त्याच जागी घासत होती.

(मला "पेंटर" म्हणून हाक मारलेली आवडते. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्रीच, आणि त्यांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला. या गावात पेंटर म्हणजे नुसता ब्रश मारणारा नव्हे.)

आठवड्यातला पहिला दिवस जातो तो पट्टी सुटी करण्यात. हे काम मी २०१९ च्या महापुरात शिकलो. पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, आणि पाणी ओसरल्यावर आमच्याकडं गाड्यांची रांग लागली. सीट, कार्पेट, दारांची पॅनेलं सगळं काढून मागचा गाळ धुवावा लागत होता. तेव्हा कळलं की कुठली क्लिप कुठं लपलेली असते, कुठल्या झाकणाखाली स्क्रू असतो आणि जुनी प्लॅस्टिकची क्लिप थंड असताना ओढली की मोडते. म्हणून हिवाळ्यात मी गाडी आधी उन्हात घेतो, मगच हात घालतो. लोखंडी स्क्रूड्रायव्हर खुपसत नाही, नायलॉनची पट्टी वापरतो, आणि कडेला कागदी टेप लावतो. नाहीतर एक चरा काढायला जाऊन दोन नवे व्हायचे.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही घाई केली तरी मी सोडत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि दहा मिनिटं थांबायचं. या बॉक्सस्टरमध्ये दारातही एअरबॅग आहे. पिवळ्या जोडणीची वायर दिसली की ती एअरबॅगची असं समजायचं आणि उगाच चाचपत बसायचं नाही. आणि ज्या झाकणामागं एअरबॅग आहे, ते झाकण मी रंगवत नाही. कितीही पैसे देऊ केलेत तरी नाही. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटावं म्हणून मुद्दाम तसं केलेलं असतं. त्या रेषेत रंगाचा जाड थर बसला तर ते कसं फाटेल आणि त्याचा तुकडा कुणाच्या तोंडावर येईल, हे कुणालाच सांगता येणार नाही.

पट्टी हातात आली की मी आधी उलटी करून बघतो. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत प्लॅस्टिकची जात उठवलेली असते. एबीएस लिहिलेलं असेल तर काम सोपं. पीसी अधिक एबीएस असेल तरी जमतं. पीपी असेल तर सावध. पीपीला रंग मुळात धरवतच नाही, अळूच्या पानावरून पाणी ओघळावं तसा तो वरून सरकतो. त्याला आधी रंग धरून ठेवणाऱ्या खास प्रायमरचा पातळ हात द्यावा लागतो. हे न बघता सरसकट एकच प्रायमर मारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे पोपडे काढायला गाड्या माझ्याकडं येतात.

मग धुणं. खरा वेळ इथं जातो, आणि ह्याचे पैसे मागताना मला सगळ्यात जास्त समजावून सांगावं लागतं. आपल्याकडची गाडी म्हणजे खंडेनवमीला हळदी-कुंकू लागणार, नारळ फुटणार, आत उदबत्ती फिरणार. जोतिबाला जाऊन आलेली गाडी असेल तर गुलाल. तो किती आत जातो, हे पॅनेल काढल्याशिवाय कळत नाही. शेठच्या कन्सोलच्या, म्हणजे दोन सीटमधल्या गिअरच्या खोक्याच्या, मागच्या फटीत मी ओलं पांढरं फडकं फिरवलं आणि ते गुलाबी झालं. चऱ्यांच्या तळाशीही तीच गुलाबी रेघ. असा गुलाल राहिला आणि वर फिकट चंदेरी मारला, तर थिनर त्याचा रंग ओढून वर आणतो आणि आठ दिवसांनी पट्टीवर गुलाबी झाक दिसायला लागते. त्याहून मोठा वैरी म्हणजे डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश. त्यात सिलिकॉन असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर रंग पडला की गोल गोल खड्डे पडतात आणि मधून जुना थर दिसतो. म्हणून भांडी घासायच्या साबणानं दोनदा धुतो, सुकवतो, मग मेण आणि तेल काढणारं द्रावण दोन फडक्यांनी. एकानं लावायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्यानं पुसायचं. एकाच फडक्यानं केलं तर तेल इकडचं तिकडं होतं, निघत नाही.

इथं थिनर का वापरत नाही, तेही सांगतो. शिकाऊ होतो तेव्हा एका गाडीची पट्टी लवकर साफ व्हावी म्हणून मी थिनरच्या बोळ्यानं पुसली. समोर बघता बघता पृष्ठभाग चिकट झाला, बोटांचे ठसे उमटले आणि वाळल्यावर केसाएवढ्या बारीक भेगा पडल्या. पट्टी गेली ती गेलीच. त्या गाडीची नवी पट्टी मिळत नव्हती. गिऱ्हाईक काही बोलले नाहीत, पण माझ्या मनातून ती गोष्ट जात नाही. आज पोरगं थिनरच्या डब्याकडं हात नेताना दिसलं की मी हातातलं काम टाकून उठतो.

घासायला ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६००, शेवटी ८००. साबणाच्या पाण्यात, हलक्या हातानं. चऱ्याभोवती घासत गेलं की वलयं उमटतात. बाहेर चंदेरी, आत करड्या प्रायमरची कडी, मधे काळं प्लॅस्टिक, आडव्या कापलेल्या कांद्यासारखी. ही वलयं जितकी रुंद, तितका उतार चांगला. मी डोळे मिटून बोट फिरवतो. बोटाला पायरी लागली तर ती रंगातूनही दिसणार, चंदेरीत तर हमखास. लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, भरून भागवायचा मोह होतो, पण आतल्या लवचिक पट्टीवर लांबीचा जाड थर चिरतो. खोल चऱ्याला प्रायमरचे पातळ हात, मधे घासणं, परत हात. ह्यात दोन दिवस सहज जातात.

आता चंदेरी. बाहेरच्या रंगाचा कोड गाडीवर कुठंतरी लिहिलेला असतो, दुकानात सांगितला की डबा मिळतो. आतल्या पट्टीचा कोड बऱ्याचदा मिळतच नाही. डोळ्यांनी जुळवावा लागतो. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, आणि ते कसे आडवे पडले त्यावर छटा ठरते. रंगाची स्प्रे-गन जवळ धरून ओला हात मारला की कण बुडतात, रंग गडद होतो. लांबून कोरडा मारला की उजळ. एकच डबा, एकच माणूस, आणि दोन पट्ट्या दोन रंगांच्या! म्हणून मी कार्डावर चार-पाच नमुने मारतो, मागं हवेचा दाब आणि हातांची संख्या लिहितो, आणि ते कार्ड गाडीत न काढलेल्या पट्टीशेजारी धरतो. सकाळच्या उन्हात एकदा, सावलीत एकदा, रात्री ट्यूबलाईटखाली एकदा. शेठ स्वतः तीन वेळा आले. चौथं कार्ड त्यांनी समोरून बघितलं, मग तिरकं धरून बघितलं आणि म्हणाले, "समोरून बरोबर हाय, तिरक्यात निळसर मारतंय." मला ते दिसलं नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. पाचव्याला जमलं.

वरचं क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, चकचकीत नको, मूळ पट्टीसारखं मंद हवं. मॅट क्लिअरमध्ये चूक सुधारायला जागा नसते. चकचकीत क्लिअरमध्ये धूळ बसली तर घासून पॉलिश करता येतं. मॅटला पॉलिश लागलं की तेवढाच भाग चमकतो. जाड पडलं तर चमक वाढते, दोन हातांमधे पुरेसं थांबलं नाही तर ढगासारखे पट्टे येतात. बिघडलं की सगळं घासून पुन्हा. लवचिकपणा यावा म्हणून त्यात वेगळं द्रावणही घालावं लागतं.

पावसाळ्यात मी हे काम शक्यतो घेत नाही. जुलैत कोल्हापूरची हवा हाताला ओली लागते. क्लिअर कडक होण्यासाठी त्यात मिसळायचा हार्डनर हवेतला ओलावा ओढून घेतो आणि थरात बारीक बुडबुडे येतात. कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी साठतं. शिवाय हा हार्डनर छातीला वाईट असतो. त्यातल्या आयसोसायनेटनं दमा जडलेली माणसं या धंद्यात आहेत. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, त्यासाठीचा खास मास्क लागतो. "यूट्यूब बघून घरीच मारू का?" असं विचारता ना, तर साधा एका डब्यातला स्प्रे अंगणात मारून बघा, माझी हरकत नाही. हार्डनरचा स्प्रे मात्र घराच्या आसपास नको. घरात लेकरं असतात.

उरलेले दिवस वाळण्यात जातात. दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो म्हणून लोक म्हणतात, "झालं की, बसवा." वरून कोरडा असला तरी आतून अजून मऊ असतो, नख रुतेल इतका. बाहेरच्या दाराला बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, ६० अंशांवर अर्धा तास भाजून घेता येतं. लांब, पातळ पट्टी तशी तापवली तर वाकायची भीती, म्हणून ती सावकाश वाळू देतो. पट्टीबरोबरच तशाच प्लॅस्टिकच्या एका तुकड्यावरही मी रंग मारलेला असतो. सहाव्या-सातव्या दिवशी त्या तुकड्यावर ब्लेडनं सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारतो. पंचवीस चौकोन होतात. त्यावर टेप घट्ट चिकटवून ओढतो. एकही चौकोन टेपबरोबर आला नाही तरच पट्टी गाडीत जाते. शेठच्या तुकड्याचे पंचवीसच्या पंचवीस जागेवर राहिले. तो तुकडा त्यांनी मागून नेला.

तर आणायची असेल तर गणपती झाल्यावर, पाऊस उघडला की आणा. पट्टी घरी काढून पिशवीत घालून आणू नका, गाडीच आणा. त्याआधी महिनाभर डॅशबोर्डवर पॉलिश मारू नका. आणि कन्सोलवर दुहेरी टेपनं गणपती चिकटवलेला असेल, तर तो घरीच अलगद सोडवून देवघरात ठेवून या. आठवडाभर देव घासकामाच्या धुळीत राहिलेला मला बरा वाटत नाही.