मॅडम, पोरांना गेम काहून बनवायला लावता?

हा प्रश्न मला पालकसभेत येतो, स्टाफरूममध्ये येतो, एकदा तर नागपूरच्या धरमपेठेत तर्री पोहे खाताना एका आईने गाठून विचारला, "मॅडम, पोट्टे आधीच दिवसभर मोबाइल घेऊन बसून राह्यले, अन् तुम्ही शाळेत गेम बनवायला लावून राह्यल्या?" अशा वेळी मी हसते आणि म्हणते, अहो खेळणं वेगळं, बनवणं वेगळं. समोरचा मान हलवतो पण त्याला ते पटलेलं नसतं, आणि खरं सांगू का, मलाही ते उत्तर अर्धवटच वाटतं. तुम्ही विचारलंतच आहे तर जरा सविस्तर सांगते.

मी गणित शिकवते, मराठी माध्यमाची शाळा, आठवीचा वर्ग, पोरं ४४. कॉम्प्युटरचं माझं शिक्षण म्हणाल तर एमएससीआयटी, बस. एका मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री आणि घरात कूलरसमोर बसून मी स्क्रॅच शिकले. स्क्रॅच म्हणजे अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने केलेलं, २००७ साली सगळ्यांसाठी खुलं झालेलं, फुकट. टाइप करायची भानगड नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे आणि हिरव्या झेंड्यावर क्लिक केलं की पडद्यावरची मांजर चालायला लागते. आणि ते एकदा कॉम्प्युटरवर टाकून घेतलं की इंटरनेट लागत नाही, जे आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण लॅबमधलं नेट म्हणजे नागपूरचा पाऊस, आला तर आला.

लॅबमध्ये चालू कॉम्प्युटर ११. म्हणजे एकावर चार जण. चार जणांत एक जण माऊस धरणार आणि तिघं "इकडे नाही बे, तिकडे" करणार हे मला पहिल्याच दिवशी कळलं, म्हणून दर दहा मिनिटांनी मी टेबलावर डस्टर आपटते आणि माऊस पुढच्याकडे जातो. तरीसुद्धा प्रत्येक वर्षी एकदोन गटांत एकच पोरगा सगळं करतो आणि बाकीचे खिडकीतून बाहेर पाहतात. त्यावर माझ्याकडे अजून इलाज नाही.

पोळा झाला की सुरू करायचं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी संपवायचं, आठवड्याला दोन तास, तेही ३५ मिनिटांचे. पहिल्या तासाला विचारलं की कसला गेम करायचा, तर ११ पैकी आठ गटांना फ्री फायर या मोबाइल गेमसारखा करायचा असतो. बंदुका, गाड्या, पन्नास माणसं. मी पावकागद देते आणि सांगते, याच्यावर मावेल तेवढंच. एक स्क्रीन, जिंकायची एक रीत, हरायची एक रीत. मग रडारड, भांडणं, आणि मग हळूहळू पन्नास माणसांची तीन होतात आणि गाडीचा एक डास होतो. ही कापाकापी मला सगळ्यात आवडते. मोठ्यांनाही जमत नाही ती, आमच्या स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम पाहा एकदा.

दुसरा तास कॉम्प्युटरशिवाय. कागदावर गेम काढायचा आणि शर्टाचं बटण सरकवून खेळायचा, एकाने खेळाडू व्हायचं, दुसऱ्याने कॉम्प्युटर व्हायचं. कॉम्प्युटर झालेल्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, लिहिलंय तेवढंच करायचं. इथेच अर्ध्या गटांना कळतं की आपण नियम लिहिलेच नाहीत, नुसतं चित्र काढलंय.

मग गणित. ते आपोआप येतं, मी बोलावत नाही. स्क्रॅचची स्टेज, म्हणजे गेम दिसतो ती चौकट, ४८० बाय ३६० ची, बरोब्बर मध्यभागी शून्य, डावीकडे उणे २४० आणि खाली उणे १८० पर्यंत. निर्देशक भूमिती आपल्याकडे नववीत आहे, पण माझ्या आठवीच्या पोरांना उणे वाय म्हणजे खाली हे माहीत असतं, कारण त्यांची मांजर खड्ड्यात पडलेली असते.

उडीचा किस्सा सांगतेच. एका गटाने वरचा बाण दाबला की वाय दहाने वाढव असा ठोकळा लावला. झेंडा दाबला, बाण दाबून धरला, मांजर गेली वर ती गेलीच. "मॅडम, खाली येऊनच नाही राह्यली!" मी विचारलं, खाली यायला कोणी सांगितलं तिला? तिघं गप्प, चौथा म्हणाला, "पण ते तर आपोआप येते ना." तर नाही येत. तिथे पृथ्वी नाही, पृथ्वीसुद्धा आपणच लावायची. मग वेग नावाचा एक व्हेरिएबल, म्हणजे बदलत राहणारा आकडा, केला, उडीच्या वेळी १२, आणि प्रत्येक फेरीला आधी तेवढं वर जायचं मग वेगातून एक वजा. १२, ११, १०, असं करत शून्य, मग उणे, म्हणजे खाली. मांजर सुंदर कमानीत उडाली. मी म्हटलं आता सांगा किती उंच गेली, तर पोरांनी बेरीज करून ७८ काढले. मग वेग १५ केला तर? १२०. आठ केला तर? ३६. एक पोरगी मागून ओरडली की हे तर तेच आहे, एकपासूनच्या संख्यांची बेरीज, शेवटचा आकडा गुणिले पुढचा आकडा भागिले दोन. तिला हे फळ्यावर मी कितीदा सांगितलं असेल, पण तेव्हा त्यातून कोणी उडी मारत नव्हतं ना.

आता तुम्ही म्हणाल की मग गणिताचे मार्क वाढले असतील. तसं काही मी सांगणार नाही. ज्यांचे चांगले होते त्यांचे चांगले आहेत, बाकीच्यांचं वर-खाली होत राहतं. मार्कांसाठी करायचं असेल तर यात पडू नका, सराव संच सोडवून घ्या, स्वस्त पडेल.

मी हे ज्याच्यासाठी करते ती गोष्ट शेवटच्या दोन आठवड्यांत घडते. गटांनी एकमेकांचे गेम खेळायचे. नियम एकच, ज्याने बनवलाय त्याने मागे उभं राहायचं, वही-पेन घ्यायचं, आणि तोंड बंद. एक शब्द नाही. "अबे तिकडून" नाही, "स्पेस दाब ना" नाही, उसासासुद्धा नाही. खेळणाऱ्याने आधी कोणतं बटण दाबलं, कुठे अडला, कुठे हसला, ते नुसतं लिहायचं.

गेल्या वर्षी चार मैत्रिणींच्या गटाने मारबतीचा गेम केला होता. बाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, बांबू-कागदाचे हे भलेमोठे पुतळे, सोबत त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आलाय त्याचे पुतळे, म्हणजे बडगे, आणि जुन्या नागपुरात मुंगीला जागा नाही एवढी गर्दी. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, असं ओरडत मिरवायचं आणि शेवटी जाळायचं. तर गेम असा की गल्लीत डास, कचरा, वाढीव लाइट बिल असल्या पीडा पडल्यात, एका मुलीने त्या गोळा करून मारबतीकडे न्यायच्या, रस्त्यातल्या खड्ड्यांत न पडता. कल्पना मला इतकी आवडली की मी स्टाफरूममध्ये सांगत सुटले होते.

पहिला घोळ रंगाचा. खड्डे काळे, आणि त्यांनी ठोकळा लावला की काळ्या रंगाला टेकली की एक जीव गेला. आणि मारबत? काळी मारबत. म्हणजे पोरगी एवढी मरमर करून पीडा घेऊन पोचली की तिचाच जीव जायचा. दोन तास गेले त्यांचे चूक शोधण्यात. रंग तपासण्याऐवजी खड्ड्याचा स्प्राइट, म्हणजे खड्ड्याचं वेगळं चित्र, तपासा असं मी सांगणारच होते, जिभेवर आलं होतं, तेवढ्यात त्यांनी मारबत पिवळी करून टाकली. प्रश्न मिटला. शिवाय पिवळीही आपलीच.

दुसरा घोळ स्कोअरचा, तो सगळेच करतात. झेंडा दाबल्यावर स्कोअर शून्य करायला विसरायचं, मग आधीच्याचे गुण पुढच्याला मिळतात आणि मारामारी होते. तो पटकन सुटला.

आणि मग तिसरा. त्यांचा गेम खेळायला बसला तो साताऱ्याहून आलेला, वडिलांची बदली झाली म्हणून जुलैत दाखल झालेला, जरा घुमा पोरगा. झेंडा दाबला, समोर मोठ्या डोळ्यांची, दात काढलेली पिवळी बाई. तो पळाला. सगळ्या खड्ड्यांना चुकवत, डासांना तर हातही न लावता, एक मिनिट नुसता पळत राहिला. मागे चौघी, एकीने तर ओढणीच तोंडात कोंबली होती. वेळ संपला, स्कोअर शून्य, स्क्रीनवर "तू हरलास". तो वळून म्हणाला, "हरलो कसा? भुताने एकदाही पकडलं नाही मला."

वर्ग हसला. चौघी नाही हसल्या, त्या भडकल्या. "मॅडम, याले मारबतच नाही माहीत!" मी म्हटलं, बरोबर आहे, नाही माहीत, मग?

त्यांनी काय केलं तर पुढच्या तासाला सुरुवातीला मोठा परिच्छेद टाकला. मारबतीचा इतिहास, सूचना एक ते सात. दुसऱ्या गटाचा पोरगा बसला, त्याने एक ओळही न वाचता स्पेस दाबली. वहीत लिहिलं गेलं, "वाचलं नाही". मग आणखी एकाला बसवलं. "वाचलं नाही." मला पाठ्यपुस्तकाची आठवण झाली.

तेव्हा मी त्यांना मारिओ नावाचा जुना गेम दाखवला, १९८५ चा. त्यात सूचना नाहीतच. तुम्ही डावीकडे उभे, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून उजवीकडे जाता, तर समोरून एक भुवया चढवलेला प्राणी येतो. थांबलात तर मेलात, उडी मारलीत तर वाचलात, आणि चुकलात तरी काही नुकसान नाही कारण गेम आत्ताच सुरू झालाय. तीन सेकंदात धडा संपला. चौघींनी तो भाग चार वेळा पाहिला, मग आपापसात कुजबुज, मग मला हाकलून दिलं.

त्यांचा उपाय असा निघाला. परिच्छेद काढून टाकला. पहिला डास पोरीच्या अगदी पायाशी ठेवला, आणि मारबत तिच्यापासून दोन पावलांवर. म्हणजे तुम्ही कुठलाही बाण दाबला तरी डास हाताला लागणार आणि मारबतीला धक्का बसणार, की लगेच ढोल वाजतो, डास गायब, स्कोअर एक, आणि मारबत हसते. हसणाऱ्या तोंडासाठी त्यांनी वेगळं चित्र काढलं. साताऱ्याच्या पोराला पुन्हा बसवलं. डास गेला, ढोल वाजला, तो "अरेच्चा" म्हणाला आणि दुसऱ्या डासाकडे वळला. मागे एकीने वहीत काहीच लिहिलं नाही, नुसत्या आवाज न करता टाळ्या वाजवल्या.

मला जे सांगायचंय ते हेच. आपल्याला जे उघड वाटतं ते समोरच्याला उघड नसतं, आणि त्यात समोरचा ढ नसतो. हे मी तोंडाने शंभरदा सांगितलं असतं तर पोरांनी "हो मॅडम" म्हटलं असतं. पण आपण बनवलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात पाहायची आणि गप्प राहायचं, हे फार जड जातं, पोटात कालवतं. मी लाल पेनने चूक दाखवली की पोरं माझ्यावर रुसतात, इथे रुसायला कोणी नसतं. वीस वर्षं शिकवूनही पहिल्यांदा मी त्यांच्या मागे तोंड मिटून उभी राहिले तेव्हा मला माझाच वर्ग दिसायला लागला. मी "कळलं का?" विचारते, पोरं "हो" म्हणतात. आता कधीकधी गणित फळ्यावर लिहून शेवटच्या बाकावर जाऊन बसते आणि वहीत लिहिते कोण कुठे अडलं. फारसं चांगलं वाचन नाही ते.

अडचणीही सांगायला हव्यात. एकदा लाइट गेली आणि तीन गटांचं अख्ख्या तासाचं काम गेलं, तेव्हापासून डस्टर आपटलं की माऊस द्यायच्या आधी सेव्ह. दोन गटांचे गेम पूर्णच झाले नाहीत, एकाचा नुसता डोंगर आणि सूर्य होता, डोंगर छान होता. आणि एक पोरगा घरी जाऊन रात्री अकरापर्यंत मोबाइलवर हेच करत बसायचा, त्याच्या आईचा फोन आला, तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दिवाळीआधीच्या पालकसभेला आम्ही सगळे गेम लॅबमध्ये मांडून ठेवले. तिथे तो नेहमीचा प्रश्न घेऊन एक बाबा आले, मारबतवाल्या चौघींपैकी एकीचेच. मी काही बोलले नाही, खुर्ची पुढे केली. त्यांनी पहिला डास सहज दिला, दुसऱ्याला खड्ड्यात पडले, तिसऱ्यांदा पण त्याच खड्ड्यात. मग मागे वळून लेकीला म्हणाले, "अगं, कसं जायचं सांग ना."

ती दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती. बोटांच्या फटीतून म्हणाली, "सांगायचं नाही म्हणून सांगितलंय मॅडमनी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्ची जरा पुढे ओढली आणि परत हिरवा झेंडा दाबला.