झोन नक्की कुणाचा? हळद, हिरडा आणि चार शनिवार

गेल्या खेपेला मी जिवाणू पसरलेल्या प्लेटवर हळदीच्या अर्काभोवती १३ मिलिमीटरचा स्वच्छ झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, आल्याचं मोठ्या उत्साहानं कळवलं होतं. ते मागे घेते. तो झोन हळदीचा नव्हताच, अल्कोहोलचा होता.

हळदीची पूड ७० टक्के अल्कोहोलमध्ये दिवसभर भिजवली, गाळली आणि तो अर्क तसाच अगरमधल्या (जिवाणू वाढवायच्या जेलीतल्या) खळग्यात सोडला, इथंच चुकलं. माझी मावसबहीण एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि तिच्या देखरेखीखाली दर शनिवारी दुपारी हे काम चालतं. तिनं प्लेट उजेडासमोर धरून एवढंच विचारलं, "ताई, नुसत्या अल्कोहोलचा खळगा कुठंय?" तो मी पाडलाच नव्हता. पुढच्या शनिवारी पाडला. अल्कोहोल १२ मिलिमीटर, हळद १३.

तेव्हापासून पद्धत बदलली. वॉटर बाथवर ५० अंशांच्या खाली अल्कोहोल उडवायचं, तळाशी राहिलेला चिकट अर्क वजन करून घ्यायचा आणि १० टक्के डीएमएसओ या द्रावकात मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या हिशेबानं विरघळवायचा. प्रत्येक प्लेटवर नुसत्या डीएमएसओचा एक खळगा आणि १० मायक्रोग्रॅमची स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाची एक चकती असतेच. ई. कोलाय या जिवाणूच्या एटीसीसी २५९२२ या जातीवर या चकतीचा झोन १२ ते २० मिलिमीटरमध्ये यायला हवा. आमचा १७ आला. म्हणजे म्युलर-हिंटन अगरची जाडी (९० मिलिमीटरच्या डिशमध्ये २५ मिलिलिटर ओतलं की साधारण ४ मिलिमीटर भरते) आणि जिवाणूंचं प्रमाण दोन्ही ठीक आहे. ही चकती चुकली तर बाकीचे आकडे मी वहीत उतरवतसुद्धा नाही.

नव्या पद्धतीनं हळदीचा झोन ८ वर आला, त्यातले ६ मिलिमीटर तर खळग्याचेच. पण म्हणून हळद निकामी ठरत नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते अगरमधून पुढे सरकत नाही. खळग्याच्या काठाला पिवळी कड चिकटून बसलेली स्पष्ट दिसते. झोनचा आकार नुसती मारक शक्ती सांगत नाही, पदार्थ अगरमधून किती लांब चालत गेला तेही त्यातच मिसळलेलं असतं. दोन वेगळ्या वनस्पतींचे झोन शेजारी ठेवून 'ही जास्त गुणकारी' म्हणणं मी तरी आता बंद केलंय.

आता हिरडा. खरी मजा इथं आहे.

पुण्याच्या रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा मागितला की आधी विचारतात, "बाळहिरडा की सुरवारी?" बाळहिरडा म्हणजे कोवळेपणीच काढून वाळवलेला, सुरवारी म्हणजे पिकलेला मोठा. मी सुरवारी घेतला. पूड मुद्दामच घेत नाही, कारण पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. अख्ख्या फळावर पाच उभ्या कडा मोजता येतात, बेहडा गोलसर असतो. फळ इतकं कडक की मिक्सरचं पातं नुसतं खडखडलं. शेवटी आजीचा खलबत्ता काढला, बिया वेगळ्या केल्या आणि साल कुटून वस्त्रगाळ केली. कुटताना नाकात जो तुरट वास गेला, तो थेट बाळघुटीच्या सहाणेचा.

पाण्यातल्या अर्कानं बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूवर १९ आणि ई. कोलायवर १३ मिलिमीटर दिले. डीएमएसओचा खळगा कोरा. हे हिरड्याचंच असं वाटून मी खूश झाले होते, पण यावेळी पीएच पट्टी बुडवून बघायची बुद्धी झाली. ३.५! मग झोन हिरड्याचा की आंबटपणाचा? एका खळग्यात सायट्रिक ॲसिडनं पीएच ३.५ केलेलं पाणी घातलं. दुसऱ्यासाठी अर्कात पातळ सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं घालत पीएच ७ वर आणला. थेंब पडला की त्या जागी अर्क हिरवट-काळा व्हायचा आणि ढवळला की गडद तपकिरी. आम्लाच्या पाण्याभोवती झोन नाही. पीएच ७ च्या अर्काचा बॅसिलसवर १५ आला. चार मिलिमीटर गेले, ते आम्लतेचे की अल्कलीत बिघडलेल्या टॅनिनचे (हिरड्यातल्या तुरट द्रव्याचे), हे या प्लेटवरून सांगता येत नाही. पण १५ उरले, तीनही प्लेटांवर. त्या दिवशी चिंचवडला परत जाताना खरंच आनंद झाला होता. वाटेत पिंपरीचा १९५४ सालचा पेनिसिलिनचा कारखाना लागतो. हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध तिथलंच, आणि ते बनवणाऱ्या जिवाणूच्या नावातच गाव आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्या रस्त्यावरून जाताना हातातल्या वहीचं वजन वेगळंच वाटतं.

दोघीतिघींनी विचारलंय म्हणून स्पष्ट लिहिते. हे प्रयोग स्वयंपाकघरात करू नका. कुठले जिवाणू वाढतील याचा घरी भरवसा नसतो. आमच्याकडचे दोन्ही जिवाणू ओळखीचे आहेत, बॅसिलस पाषाणच्या एनसीआयएम या जिवाणूंच्या संग्रहातून कॉलेजनं आणलेला आहे, आणि प्रत्येक प्लेट १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय बाहेर जात नाही. आणि प्लेटवरच्या १५ मिलिमीटरवरून काढा किती प्यावा हे कुणालाही सांगता येणार नाही, मला तर नाहीच.

काल जिवाणूंची वाढ थांबवणारी अर्काची किमान मात्रा काढायला बसलो. अर्क गडद, त्यामुळे गढूळपणा डोळ्यांना दिसेना. म्हणून रेझाझुरिन घातलं. जिवंत पेशी असतील तर ते निळ्याचं गुलाबी होतं. तासाभरात हिरड्याची अख्खी रांग गुलाबी झाली, जिवाणू न घातलेले खळगेसुद्धा! हिरडा स्वतःच रंग पालटवतो. हळदीच्या बिनजिवाणूंच्या खळग्यात निळा टिकला, तेव्हा तिची मोजणी याच पद्धतीनं पुढे चालू राहील. हिरड्यासाठी प्रत्येक खळग्यातला १० मायक्रोलिटरचा थेंब ताज्या अगरवर टाकून वसाहती मोजायच्या ठरवल्यात.

त्याआधी एक करून बघायचंय. जिलेटिन घालून टॅनिन खाली बसवायचं आणि वरच्या निवळीचा झोन बघायचा. कुणी हे केलं असेल तर जिलेटिन किती घातलं आणि निवळी किती वेळात मिळाली ते कळवा. पुढच्या शनिवारसाठी २० ग्रॅम साल कुटून ठेवली आहे.