तित्तिर, होले आणि चाळीस गवळणी

'द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस' हे गाणं कॉयरने शिस्तीत, एकही चूक न करता म्हटलं की मला कंटाळा येतो. १७८०च्या सुमारास लंडनमध्ये मुलांच्या एका पुस्तकात ते छापलं गेलं आणि पुढे इंग्लंडात घराघरांत चक्क खेळ म्हणून खेळलं जायचं. चुकला त्याने दंड भरायचा. कुणी चुकणारच नसेल तर त्यात मजा ती काय?

कथा बाळबोध आहे. नाताळपासून बारा दिवस प्रियकर भेटी पाठवतो. पहिल्या दिवशी नाशपातीच्या झाडावरचा तित्तिर. दुसऱ्या दिवशी दोन होले, वर पुन्हा तित्तिर. तिसऱ्या दिवशी तीन फ्रेंच कोंबड्या, मग होले, मग तित्तिर. खुबी आहे ती नवी भेट कुठे येते यात. ती शेवटी नाही, आधी येते. छातीत दम असताना अनोळखी ओळ म्हणून टाकायची. तिथून खाली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा जास्त घोटलेली. तित्तिर बारा वेळा येतो, बारावी भेट एकदाच. त्यामुळे ज्याला काही म्हणजे काही येत नाही, तोही तित्तिरापाशी सगळ्यांत मोठ्याने ओरडतो. भेटी उलट्या क्रमाने असत्या तर अर्धी मंडळी मध्येच गळाली असती.

घोळ होतो तो नऊ ते बारामध्ये. तो छापणाऱ्यांचाही झालाय. त्या जुन्या पुस्तकात बाराव्या दिवशी उड्या मारणारे सरदार येतात आणि नवव्या दिवशी ढोलवाले. आज सगळीकडे ऐकू येतं त्यात ढोलवाले बाराव्यावर चढलेत आणि सरदार दहाव्यावर उतरलेत.

आणि मधल्या त्या पाच सोन्याच्या अंगठ्या! १९०९ साली फ्रेडरिक ऑस्टिन या इंग्लिश गायकाने गाण्याची चाल छापली, तेव्हा ही ओळ ऐसपैस ताणली. धापा टाकत बारावरून खाली येणाऱ्याला इथे श्वास मिळतो, बेसूर काकांना आवाज लावायची संधी मिळते. माझ्या मते निम्मं गाणं या एका ओळीवर उभं आहे.

या भेटी म्हणजे छळाच्या काळात कॅथलिकांनी धर्मशिक्षणासाठी योजलेल्या खुणा, असा मजकूर दर डिसेंबरात फिरतो. त्याला पुरावा नाही. मला तो पाठवू नये.

हिशेब मात्र पाठवा, कारण माझी नोकरीच हिशेबाची होती. रोजची पुनरावृत्ती धरली तर एकूण भेटी भरतात ३६४. बारा तित्तिर, बारा ढोलवाले. बावीस होले, बावीस बासरीवाले. दोन्ही टोकांकडून आकडे सारखेच चढत जातात आणि मध्ये अंडी घालणाऱ्या हंसिणी ४२, पोहणारे राजहंस ४२. एकट्या पक्ष्यांची संख्या १८४, म्हणजे निम्म्याहून जास्त घर पिसांनी भरलं. त्या प्रेयसीने पहिल्याच आठवड्यात दार लावून कसं घेतलं नाही, कोण जाणे.

पीएनसी ही अमेरिकी बँक १९८४ पासून दरवर्षी या यादीची किंमत काढते. दूध काढणाऱ्या गवळणींना ती तिथली किमान मजुरी लावते. बारा दिवसांत अशा चाळीस गवळणी येतात, पण गायी कुणी आणायच्या, याबद्दल गाण्यात एक अक्षर नाही.