तुम्ही विचारलंत म्हणून: गोदीतल्या शिव्या

"बाईमाणूस असून बार्ज दुरुस्तीच्या गोदीत टिकलात कशा? तिथं शिवीशिवाय वाक्य संपत नसेल!" लग्नकार्यात कोणी ना कोणी मला हे विचारतंच. मी तिथं सामानाचा हिशेब सांभाळायची.

शिव्या होत्याच. गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडचं खनिज मांडवी नदीतून मुरगाव बंदराला नेणाऱ्या बार्जी, म्हणजे मालवाहू होड्या, भरती साधून स्लिपवेवर, म्हणजे गोदीच्या उतारावर, ओढाव्या लागत. पाणी उतरायच्या आत सगळं उरकायचं, म्हणजे आरडाओरडा आलाच. गंजलेल्या पत्र्याला, अडलेल्या दोरखंडाला, एकमेकांना, कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी, जी तोंडी येईल त्या भाषेतून शिवी बसायची. हातोडा बोटावर बसला की मग तर विचारूच नका. शिवी दिली की दुखणं जास्त सोसतं का, याचा इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात प्रयोग झाला आणि २००९ साली तो प्रसिद्धही झाला. बर्फगार पाण्यात हात बुडवून शिवी देणारे, साधा शब्द म्हणत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ टिकले. गोदीतल्या फिटरला हे सांगायची गरज नव्हती.

मला त्रास झाला तो वेगळाच. मी शेडमध्ये पाऊल टाकलं की सगळे गप्प. मान राखायचे बिचारे. पण शिव्यांबरोबर कामाचं बोलणंही थांबायचं, आणि कुठला पत्रा बदलायचा ठरला ते मला सगळ्यात शेवटी कळायचं. अखेर मी फोरमनना सांगितलं, "दादा, आईबहिणीवरून नको. बाकी भरतीला, गंजाला काय म्हणायचं ते म्हणा, पण माझ्यासमोर बोला." त्यांनी ऐकलं. सगळ्यांना जमलं नाही, तरी बोलणं सुरू झालं.

पुढे मी एका वातानुकूलित कचेरीत लागले. तिथं मीटिंगमध्ये सगळे "जी, सर". तेच साहेब खाली उतरले की ड्रायव्हरला जे बोलायचे, ते गोदीत कोणी कोणाला बोललं नव्हतं. गोदीत शिवी खाणारा उलट शिवी देऊ शकायचा. ड्रायव्हर खाली मान घालून दार उघडायचा. माझा राग आहे तो या शिवीवर. आजी नातवाला "मेल्या" म्हणते तेव्हा तो हसत पळतो. परसदारी कामाला आलेल्या माणसाला तीच आजी "मेल्या" म्हणते तेव्हा तो हसत नाही. शिमग्यातली मोकळीकसुद्धा मला सगळे बरोबरीने खेळत असतील तरच मान्य आहे.

वेर्ण्याच्या कारखान्यात लागलेली माझी भाची परवा म्हणाली, ती आली की मुलं गप्प होतात. मी तिला सांगितलं, "आईबहीण सोडा आणि बोलत राहा, असं तोंडावर सांग. कोणी अश्लील शेरे मारले, तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे तुमच्याकडे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिथं लेखी दे. दलित सहकाऱ्याला कोणी चारचौघांत जातीवरून शिवी दिली, तर १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. तो तक्रार करायला निघाला, तर साक्षीला तू उभी राहा."