पद्मिनीच्या जेटला हात लावू नका

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी १९८५ची. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, पाचवा नाहीच. तेव्हा ती लिटरला वीस देईल ही आशा सोडूनच पुढचं वाचा. सध्या सातारा-पुणे हायवेला १४च्या आसपास देते, गावात ११. गेल्या वर्षी हायवेलाही ११च होती.

ॲव्हरेज पडलं की गॅरेजवाल्याचा हात आधी कार्बोरेटरकडे, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे जातो. "साहेब, बारीक जेट टाकू." जेट म्हणजे त्यातलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक. मी टाकू दिला नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, पण टाकीत काय भरलंय हे कार्बोरेटरला कळत नाही. तो जुन्याच मापाने हवा ओढतो. म्हणजे मिश्रण आधीच लीन, हवेच्या मानाने इंधन कमी. त्यात जेट बारीक केला की गाडी तापते, पिकअप सोडते आणि आपण पाय आणखी दाबतो. शिवाय लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाच जवळपास एक तृतीयांशाने कमी. तो तोटा कुठलाच जेट भरून काढत नाही.

माझं पेट्रोल जात होतं चाकात! चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर गंजून अडकलेला. पाय काढला तरी ब्रेकचा लायनर ड्रमला घासतच राही. तपासायचं तर फारसा ब्रेक न मारता दहा-पंधरा किलोमीटर चालवा, उतरून प्रत्येक ड्रमजवळ हात न्या. एकच तापला असेल तर चोर सापडला. जॅकवर घेऊन चाक फिरवलं की खात्रीच.

दुसरी गोष्ट डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची. पॉइंटचा गॅप सगळे बघतात, प्लेटखाली कुणी डोकावत नाही. वेग वाढला की तिथली वजनं बाहेर सरकून ठिणगी लवकर पडायला हवी. माझी वाळलेल्या ग्रीसमध्ये चिकटली होती. झाकण काढून आतला फिरणारा रोटर थोडा फिरवून सोडा, झटकन मागे आला पाहिजे.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, तर कुणीतरी "घाटात तापते" म्हणून कधीच काढून टाकलेला. थंडीत इंजिन गरमच होईना, चोक ओढून ठेवावा लागे, म्हणजे पेट्रोल जास्तच. तो परत बसवला.

पसरणी घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे एक काका आहेत. थोडं पेट्रोल वाचतं, खोटं नाही. पण मग सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापले की ब्रेक लागत नाहीत, आणि खाली वाई आहे.

आता रबरी पाइप बदलायचेत. इथेनॉलने ते खराब होतात. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाजवळचा एक ओलसर दिसतोय.